धागा: वावरात गळलेली संत्री, एन्झाइम अन् अँटीऑक्सिडंट. यात खरं किती?

मोर्शीचा_बागायती (धागाकर्ता), १४ मार्च

राम राम मंडळी. प्रश्न जरा लांबण लावून विचारतो, रागावू नका.

माझी संत्र्याची साडेचारशे झाडं आहेत, सगळी आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणारी. दरसाल दोनदा फळ गळते. पहिल्यांदा एप्रिल-मेमध्ये, उन्हाच्या तडाख्यानं, बोराएवढं ते सुपारीएवढं हिरवं फळ. दुसऱ्यांदा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. तेव्हा फळ मुठीएवढं झालेलं असते, तोडणी तोंडावर असते अन् सकाळी पाहाल तर झाडाखाली सडा. मागच्या साली ते वेचून खड्ड्यात पुरायलाच चार बाया आठ दिवस लावल्या. फळ गेलंच, वरून मजुरी गेली.

परवा गावात एक साहेब आले होते. समाजमंदिरात पडदा लावला, चहा-चिवडा झाला. म्हणे गळलेली संत्री म्हणजे सोनं आहे, आमचं एन्झाइम घ्या, पिंपात फळं टाका, २१ दिवस झाकून ठेवा, नैसर्गिक अँटीऑक्सिडंट तयार होते, आम्हीच परत विकत घेतो. किटचे पैसे मात्र आगाऊ. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच भानगड नको. गावातल्या सहा जणांनी नावं दिली. मी म्हटलं थांबा, आधी धाग्यावर विचारतो.

हे जमते का खरंच?

खर्राबहाद्दर, १४ मार्च

पैसे आगाऊ म्हटले की समजून जायचं ना बाप्पा. आधी सफेद मुसळी झाली, मग एमूची अंडी झाली, आता एन्झाइम. "आम्हीच विकत घेऊ" हे वाक्य तिन्ही वेळी होतं. आमच्या काकाजीच्या वाड्यात एमूचा पिंजरा अजून उभा आहे, त्यात आता कुटार भरून ठेवते काकू.

देवळीची_ताई, १४ मार्च

थट्टा नंतर करा हो. आमच्या बचत गटात आम्ही संत्र्याच्या सालीचं बायो-एन्झाइम करतोच. एक भाग गूळ, तीन भाग साल, दहा भाग पाणी, तीन महिने बरणीत. रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा. फरशी पुसायला, बेसिन घासायला झकास. तेच असेल ना हे? मग किट कशाला पाहिजे, गूळ आपल्या घरी आहे.

काटोलची_पोर, १५ मार्च

ताई, दादा, मी मूळची काटोलची, सध्या पुण्यात, एन्झाइमच्याच कामात आहे. एकेक करून सांगते, मोठं होईल.

ताईंचं बायो-एन्झाइम आधी. गूळ-साल-पाणी तीन महिने ठेवलं की आधी यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतात, मग दुसरे जिवाणू त्याचं व्हिनेगर करतात. फरशी स्वच्छ होते ती त्या आंबटपणानं अन् सालीतल्या तेलानं. त्यात एन्झाइम असलं तरी नावापुरतं, कारण इतक्या आंबट पाण्यात तीन महिने फार थोडी एन्झाइम तग धरतात. फरशीला वापरा, काही वाईट नाही. पण त्याचा अन् अँटीऑक्सिडंट, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजननं होणारी खराबी रोखणारा पदार्थ, काढण्याचा संबंध नाही.

आता एन्झाइम खरं काय करते. एन्झाइम म्हणजे सजीवात तयार होणारं, रासायनिक काम भरभर उरकणारं प्रथिन. फळाची पेशी म्हणजे आपल्याकडचं कुडाचं घर समजा. काड्या म्हणजे सेल्युलोज, वरून सारवलेली माती म्हणजे पेक्टिन. पेक्टिनेज नावाचं एन्झाइम माती भिजवून सोडवते, सेल्युलेज काड्या कुरतडते. कूड पडला की आतला माल पाण्यात येतो. नाहीतर तोच माल काढायला जास्त अल्कोहोल, जास्त उष्णता, नाहीतर आम्ल-अल्कली वापरावं लागते, अन् मग ते सांडपाणी कुठे सोडायचं हा प्रश्न. एन्झाइमचं काम ४५-५० अंशांवर, थोड्या आंबट पाण्यात, काही तासांत होते. टिकाऊ पद्धत म्हणतात ती यामुळे.

पण घरात जेवढा माल आहे तेवढाच निघेल. कूड पाडल्यानं घरातलं धान्य वाढत नाही.

संत्र्यातला तो माल, म्हणजे अँटीऑक्सिडंट, मुख्यतः हेस्पेरिडिन. १८२८ साली लेब्रेटन नावाच्या फ्रेंच माणसानं तो संत्र्याच्या सालीतल्या पांढऱ्या भागातून वेगळा काढला. आता दादा, तुमच्यासाठी महत्त्वाचं: हेस्पेरिडिन पिकल्या फळापेक्षा कोवळ्या फळात, वजनाच्या मानानं, कितीतरी जास्त असते. फळ मोठं होते तसा तो पातळ होत जातो. म्हणजे तुमच्या एप्रिल-मेच्या बोराएवढ्या फळात खरंच काहीतरी आहे. सप्टेंबरच्या सड्यात तेवढं नाही.

मोर्शीचा_बागायती, १५ मार्च

थांबा थांबा. साहेबांनी तर सप्टेंबरच्याच फळाचे फोटो दाखवले. मोठं फळ, जास्त माल, असं म्हणाले.

काटोलची_पोर, १५ मार्च

मोठ्या फळात जास्त आहे ते पाणी. अन् सप्टेंबरचं फळ गळते कशानं? फायटोप्थोरा नावाची कूज, देठाकडून लागणारी बुरशी, फळमाशी, रस शोषणारा पतंग. सडलेलं, अळ्या पडलेलं फळ खाण्याच्या किंवा औषधाच्या मालात कोणी घेणार नाही. ते तुम्ही पुरता ते बरोबरच करता, नाहीतर फळमाशीची पुढची पिढी तुमच्याच बागेत तयार होते.

उन्हानं गळलेलं कोवळं फळ मात्र निरोगी असते, झाडालाच ते पोसणं जमलं नाही म्हणून सोडलेलं. चीनमध्ये हेच आपल्या संत्र्याच्या जातीचं, म्हणजे सिट्रस रेटिक्युलाटाचं, मे-जूनमध्ये आपोआप गळलेलं कोवळं फळ वेचून, वाळवून औषधात वापरतात. जुना धंदा आहे तो.

अकोला_मेडिकल, १६ मार्च

माझं औषधाचं दुकान आहे म्हणून भर घालतो. मूळव्याधीची अन् पायाच्या शिरा फुगण्याची एक गोळी फार चालते, त्यावर लिहिलेलं असते डायोस्मिन ४५० मिलिग्रॅम, हेस्पेरिडिन ५० मिलिग्रॅम. ते डायोस्मिनही बहुतेक हेस्पेरिडिनपासूनच रासायनिक पद्धतीनं करतात. म्हणजे बाजार हवेतला नाही. फक्त तो बाजार गावातल्या पिंपापर्यंत येत नाही.

निवृत्त_मास्तर_वरुड, १६ मार्च

शाळेत आम्ही एन्झाइमला विकर म्हणून शिकवत होतो. पोरं विचारत, सर, विकर म्हणजे विकार का? मी म्हणायचो, अरे नाही, विकार बरा करायला लागते ते.

पोरी, एक शंका. संत्र्याचा रस काढून ठेवला की दोन-चार तासांत कडू होते, हे वरुड-मोर्शीत लहान पोरालाही ठाऊक आहे. त्यामागेही विकरच का? मी मागे वाचलं होतं पण विसरलो.

काटोलची_पोर, १६ मार्च

हो सर! फळात एक पदार्थ असतो, तेव्हा तो कडू लागत नाही. पेशी फुटून रस आंबट झाला की रसातलंच एक एन्झाइम त्याचं लिमोनिन करते, अन् लिमोनिन कडू. म्हणून आपल्या नागपुरी संत्र्याचा रस डबाबंद करायला एवढा त्रास. एन्झाइम कामाचंही असते अन् आपल्या मुळावरही उठते, त्याला आपल्या सोयीचं काही पडलेलं नाही.

धानवाला_गोंदिया, १७ मार्च

हे आम्हाला विचारा! आमची राइस मिल आहे. तांदूळ पॉलिश झाला की कोंडा वेगळा होतो, अन् त्या क्षणापासून कोंड्यातलं लायपेज नावाचं एन्झाइम तेलाच्या मागे लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वास बदलतो. म्हणून कोंडा लगेच वाफेनं किंवा कोरड्या आचेनं तापवून घ्यावा लागतो, म्हणजे ते एन्झाइम मरते. नाहीतर तेलवाले भाव पाडतात.

अन् गंमत पाहा, त्याच कोंड्यात ओरायझेनॉल आहे, फेरुलिक आम्ल आहे, दोन्ही अँटीऑक्सिडंट. फेरुलिक आम्ल पेशीच्या भिंतीला चिकटलेलं असते, ते सोडवायलाही एन्झाइमच लागते. तेच फेरुलिक आम्ल सूक्ष्मजीवांना खाऊ घालून त्याचं "नैसर्गिक" व्हॅनिला करतात. आम्ही मात्र कोंडा पोत्यानं विकतो.

खर्राबहाद्दर, १७ मार्च

मले एक सांगा, हे अँटीऑक्सिडंट खाऊन काय होते? व्हॉट्सॲपवर तर कॅन्सर बरा होते म्हणते.

गावचा_डॉक्टर, १७ मार्च

नाही होत. उलट उदाहरण देतो. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर मोठा प्रयोग झाला, निकाल १९९४ मध्ये आला. त्यात ज्यांना बीटा-कॅरोटीन या अँटीऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के वाढला. कमी नाही झाला, वाढला. भाजी-फळातून मिळते ते खा. गोळी म्हणून अँटीऑक्सिडंट डॉक्टरला न विचारता घेऊ नका.

अन् बहाद्दर, तुमच्या नावातली ती खर्र्याची, तंबाखू-सुपारीची पुडी आधी सोडा. मग अँटीऑक्सिडंटचं बोलू.

खर्राबहाद्दर, १७ मार्च

डॉक्टरसाहेब, धाग्यावर अपमान नका करू. फोन करतो.

देवळीची_ताई, १८ मार्च

माझा प्रश्न वेगळा. आमचा गट जवसाची चटणी अन् लाकडी घाण्याचं जवसाचं तेल विकते. तेल महिन्याभरात खवट होते. पॅकेटवाले त्यात काहीतरी टाकतात म्हणे. हे संत्र्यातलं टाकून चालेल का?

काटोलची_पोर, १८ मार्च

ताई, ते टाकतात त्याला टीबीएचक्यू म्हणतात. कृत्रिम अँटीऑक्सिडंट आहे, किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत परवानगी आहे. नैसर्गिक पर्याय सगळेच शोधतात, कारण पाकिटावर "नैसर्गिक" लिहिता येते. पण हेस्पेरिडिन तेलात विरघळतच नाही. पाण्यातही जेमतेम. मीठ तेलात टाकल्यासारखं तळाशी बसेल. त्याला तेलात आणायचं तर लायपेज एन्झाइमनं त्याला तेलाचं, म्हणजे मेदाम्लाचं, शेपूट जोडावं लागते. हो, कोंडा खराब करणारं तेच लायपेज, पण पाणी जवळजवळ काढून टाकलं की ते उलटं चालते, तोडायच्या ऐवजी जोडते.

जवसासाठी साधा उपाय: गडद बाटली, तोंडापर्यंत भरलेली, थंड जागा, अन् घाणा महिन्यातून दोनदा लावा, थोडं थोडं काढा.

मोर्शीचा_बागायती, १९ मार्च

पोरी, तुझं सगळं वाचलं, दोनदा वाचलं. आता सरळ सांग. किट घेऊ की नको?

काटोलची_पोर, १९ मार्च

नको.

कारण सांगते. पिंपात फळं अन् पाणी २१ दिवस झाकून ठेवलं तर एन्झाइमचं काम पहिल्या दिवशीच संपते. पुढचे वीस दिवस यीस्ट, जिवाणू अन् बुरशी जेवतात. साहेबांना दोन गोष्टी विचारा: तुमच्या एन्झाइमची ताकद किती युनिट, अन् कोणत्या पीएचला (म्हणजे पाणी किती आंबट असताना), कोणत्या तापमानाला? उत्तर कागदावर नसेल तर बाटलीत काय आहे ते देव जाणे.

नुसतं हेस्पेरिडिन काढायला तर एन्झाइम लागतच नाही. जुनी पद्धत चुन्याची आहे. वाळल्या फळाची पूड चुन्याच्या पाण्यात ढवळायची, हेस्पेरिडिन विरघळते, पेक्टिन चुन्यासोबत खाली बसते. गाळून ते पाणी आंबट केलं की हेस्पेरिडिन परत घट्ट होऊन बसते. एन्झाइमची खरी कमाई पुढे आहे. हेस्पेरिडिनच्या अंगावर दोन साखरा असतात, टोकाला रॅम्नोज. ती एक कापली तर उरलेलं लहान आतड्यातच शोषलं जाते. न कापलेलं मोठ्या आतड्यापर्यंत जाते, तिथले जिवाणू कापतील तेव्हा कुठे. जपानी लोकांनी उलटं केलं, स्टार्चमधून आणखी एक ग्लुकोज जोडली, तर न विरघळणारा पदार्थ पाण्यात सहज विरघळू लागला. त्यांच्या डबाबंद संत्र्याच्या पाकातले पांढरे ठिपके घालवायलाही असंच एन्झाइम वापरतात, ते ठिपके म्हणजे हेस्पेरिडिनचेच खडे. पण ही सगळी कामं स्टीलच्या टाकीत, मोजमापानं होतात. वाड्यात नाही.

तुमच्या हातातलं काम एकच: कोवळं फळ वेचून दोन दिवसांत वाळवणं. तिथे माल वाचतो, नाहीतर तिथेच जातो.

निवृत्त_मास्तर_वरुड, १९ मार्च

थोडं अवांतर. तुम्ही सगळे मर रोगासाठी ट्रायकोडर्मा ही बुरशी टाकता ना शेणखतात? सेल्युलेज एन्झाइम उद्योगात बहुतांश त्याच्याच एका भाऊबंदापासून येते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू अन् कपडे सडून जात होते. शोध घेतला तर ही बुरशी कापूस खात होती. पुढे एल्विन रीस या शास्त्रज्ञाच्या नावावरून तिला ट्रायकोडर्मा रीसी नाव मिळालं. कापूस खाणारी बुरशी अन् आपण कापूसवाले. मला तर ही गोष्ट वर्गात सांगायला फार आवडायची.

मोर्शीचा_बागायती, २८ मे

धागा वर आणतो. अडीच महिने गायब होतो, माफ करा.

गावातल्या सहापैकी चौघांनी किट घेतलं नाही. दोघांनी घेतलं. त्यांच्या पिंपाचा वास आता धुऱ्यापलीकडून येते, अन् साहेबांचा फोन बंद आहे.

मी काय केलं ते सांगतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून तीन बाया लावून पाच दिवस फळ वेचलं. साडेचारशे झाडांखालून दोन क्विंटल दहा किलो हिरवं फळ निघालं. सुपारीपेक्षा मोठं ते अर्धं कापलं, बाकी अख्खं. स्लॅबवर ताडपत्री टाकून पसरलं. त्या आठवड्यात पारा ४३ च्या वर होता, तिसऱ्या दिवशी फळ दाताखाली कट्कन मोडलं. वजन भरलं ५५ किलो.

मजुरी गेली ४,५०० रुपये. म्हणजे किलोला ८२ रुपये नुसत्या वेचणीचे, ताडपत्री अन् माझी पाठ वेगळी.

भाची कॉलेजात केमिस्ट्रीला आहे, तिच्या मॅडमनी प्रयोगशाळेत करू दिलं. शंभर ग्रॅम पूड, चुन्याची निवळी, गाळलं तर पिवळंधम्मक पाणी. त्यात लिंबूसत्व घालून रात्रभर ठेवलं, सकाळी तळाशी पांढरट-पिवळा गाळ. वाळवून सात-आठ ग्रॅम भरला. कच्चा माल, शुद्ध नाही, हे मॅडमनी तीनदा बजावलं. हाताला मोजे घालायला लावले, चुना डोळ्यात गेला तर डोळा जाते म्हणाल्या. कोणी घरी करू नका.

मग दुसरा प्रयोग, तुझ्या पेक्टिनेजचा. ताजं फळ वाटून त्यात एन्झाइम घातलं, पन्नास अंशाच्या आसपास तीन तास ठेवलं. एन्झाइम न घातलेला लगदा फडक्यातून गाळायला पाऊण तास लागला, पूर्ण गळलाच नाही. एन्झाइमवाला दहा मिनिटांत गळला. फडकं धुतलं ते पण सहज निघालं. पण शेवटी गाळाचं वजन पाहिलं तर दोन्हीकडे जवळपास सारखंच. भाची नाराज झाली. मी म्हटलं, अगं, धाग्यावरची काटोलची पोर तेच तर म्हणत होती, कूड पाडल्यानं धान्य वाढत नाही.

काटोलची_पोर, २८ मे

दादा, मला ऑफिसात बसल्या बसल्या शिट्टी वाजवावीशी वाटली! निकाल अगदी जसा यायला पाहिजे तसाच आहे. गाळणं पाऊण तासावरून दहा मिनिटांवर येणं, हीच कारखान्याच्या दृष्टीनं वाचलेली वीज अन् वाचलेला वेळ. भाचीला सांगा नाराज होऊ नको. अन् पुढच्या वेळी एन्झाइमनंतरच्या पाण्यात थोडं स्पिरिट टाकून पाहा म्हणावं. जेलीसारखं दिसलं तर पेक्टिन शिल्लक आहे, नाही दिसलं तर काम झालं.

ते ५५ किलो कुठे ठेवलं?

मोर्शीचा_बागायती, २९ मे

पोत्यात, कोठीत. एका खरेदीदाराशी अकोल्याच्या भाऊनं बोलणं करून दिलं. तो म्हणते किमान माल टनात पाहिजे, अन् फवारणीच्या अवशेषांचा लॅब रिपोर्ट पाहिजे. भाव म्हणे नमुना पाहून सांगू. आता आमच्याकडे मार्चमध्ये सायला या किडीसाठी फवारा झालेला असते, त्यामुळे रिपोर्टची धाकधूक आहे. शेतकरी कंपनीच्या मीटिंगमध्ये विषय काढला, तीस बागायतदार एकत्र आले तर टन होऊ शकते. अर्धे म्हणाले पाहू, अर्धे म्हणाले आधी तू पैसे घेऊन दाखव.

अकोला_मेडिकल, २९ मे

रिपोर्टशिवाय पुढे जाऊच नका. माल आटवला की चांगलं तेवढं आटते असं नाही, फवाराही आटून जास्त होऊ शकते. पुढच्या साली फुलोऱ्यानंतर काय मारलं, कधी मारलं, याची वही ठेवा. खरेदीदार मागेलच.

गडचिरोलीचा_मोहवाला, ३० मे

बागायती भाऊ, तुमची वेचणी महाग पडली कारण तुम्ही वाकून वेचलं. आमच्याकडे मोहफूल वेचायला आधी झाडाखालचा पालापाचोळा जाळायचे, त्यानं जंगलाला वणवे लागायचे. आता बरेच जण झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या बांधून ठेवतात. फूल जाळीवर पडते, माती लागत नाही, सकाळी गोळा करायचं अन् निघायचं. संत्र्याचं झाड तर मोहापेक्षा किती लहान!

मोर्शीचा_बागायती, १२ जून

भाऊ, हे आधी सुचवलं असतं तर ना!

एक वाईट बातमी. परवाच्या पहिल्या पावसात कोठीचं एक टीन उचकटलं, एका पोत्याला ओल लागली. उघडून पाहिलं तर हिरवी बुरशी. अठरा किलो गेलं. ते निवडून वेगळं करू का विचारणार होतो, पण बुरशीचा माल औषधात जाईल हे मनाला पटलं नाही, खड्ड्यात टाकलं. उरलेलं ३७ किलो प्लास्टिकच्या ड्रममध्ये झाकणबंद केलं. नमुना उद्या लॅबला जाते.

जाळीचं सांगा. संत्र्याच्या एका झाडाला किती मीटर लागेल, अन् बारीक विणीची घेऊ की शेडनेटवाली चालते?

गडचिरोलीचा_मोहवाला, १२ जून

शेडनेट चालते, पण बोराएवढं फळ अडायला वीण बारीक पाहिजे. झाडाचा घेर मोजा, खोडाजवळ मधोमध चीर द्या म्हणजे दोन्ही बाजूंनी गुंडाळता येते. आधी दहा झाडांना बांधून पाहा. जुन्या साड्या असतील तर त्या पहिल्या वापरा, काकू नाही म्हणणार नाही.